बोअर तुमचा, पाणी कुणाचं? पुण्याच्या पायाखालच्या पाण्याचा हिशेब

एप्रिल लागला की वाघोली, लोहगाव, उंड्री, पिसोळी या पट्ट्यात सकाळी सहापासून टँकरची ये-जा सुरू होते. आदल्या पावसाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं भरलेली असली, तरी यात फरक पडत नाही. मग सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो. जुना बोअर आटला, नवा घेऊ. दोनशे फुटांवर नाही लागलं तर सहाशेपर्यंत जाऊ. खर्चावर तासभर वाद होतो. खाली पाणी आहे किती आणि ते येतं कुठून, एवढा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

या प्रश्नाला उत्तर आहे. पाऊस किती पडला, त्यातला किती मुरला, किती ओढ्यातून वाहून गेला, किती उपसला गेला, हे सगळं मोजता येतं. त्यासाठी लागणारी साधनंही फार महागडी नसतात. अडचण वेगळीच आहे. आपण नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि नदीचं पाणी ही तीन वेगळी पाणी समजतो. खडकाच्या दृष्टीने ते एकच पाणी आहे, फक्त वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणी दिसणारं.

काळ्या पाषाणात पाणी राहतं कुठे?

पुणे बेसाल्टवर वसलेलं आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड झाले. पोळ्यांची चळत असावी तशी ही रचना आहे, आणि प्रत्येक पोळीचा पोत वेगळा. थराच्या मधला भाग सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट, पाट्या-वरवंट्यासारखा. हा आपला काळा पाषाण. थराच्या वरच्या भागातून वायूचे बुडबुडे निघून गेले, म्हणून तो अनारशासारखा जाळीदार. बोअरवाले आणि विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात.

पण अनारशाची उपमा इथेच थांबवायला हवी, कारण जाळी दिसली म्हणजे पाणी असं नसतं. मांजऱ्यातली बहुतेक भोकं पुढे झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी भरून गेली. वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट हे निळंशार खनिज जगभरचे संग्राहक शोधत येतात, तेही बेसाल्टच्या अशाच पोकळ्यांत वाढलेलं. भरलेल्या भोकांतून पाणी जात नाही. मांजऱ्या खडकात पाणी खेळतं ते आडव्या पापुद्र्यांसारख्या भेगांतून आणि झिजलेल्या, भुसभुशीत झालेल्या भागातून. काळ्या पाषाणात उभ्या भेगा असतील तर तोही पाणी वाहून नेतो. भेगा नसतील तर कितीही खोल जा, कोरडी भुकटीच येते.

जमिनीखालच्या ज्या थरात पाणी साठतं आणि ज्यातून ते विहिरीला मिळतं, त्याला जलधर म्हणतात. पुण्याखाली एकच एक सलग जलधर नाही. वर मुरूम आणि झिजलेला खडक, त्याखाली कुठे मांजऱ्या, मध्ये घट्ट पाषाण, पुन्हा मांजऱ्या, अशी छोट्या-छोट्या जलधरांची उतरंड आहे. काही जलधर दोन-चार पेठांएवढे, काही टेकडीच्या एका कुशीपुरते. शेजारच्या प्लॉटवर दीडशे फुटांवर पाणी लागलं आणि आपल्याकडे साडेतीनशेलाही नाही, याचं कारण नशीब नसून ही उतरंड आहे.

आणखी एक गोष्ट. हे थर जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. त्यामुळे वेताळ टेकडीच्या एका उतारावर मुरलेलं पाणी दुसऱ्या बाजूच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर पडू शकतं. जमिनीवरची पाणलोटाची रेघ टेकडीच्या माथ्यावरून जाते. खालच्या पाण्यावर ती रेघ बंधनकारक नसते.

किती मावतं? इथे आकडे धक्का देतात

एक घनमीटर खडक पूर्ण भिजलेला आहे असं समजा. त्यातलं पाणी निथळू दिलं तर किती निघेल? याला विशिष्ट उत्पादन म्हणतात. पुढे आपण ‘निथळ’ म्हणू. गंगेच्या खोऱ्यातल्या रेताड गाळात ही निथळ १२ ते २० टक्के धरतात. आपल्याकडच्या झिजलेल्या किंवा जाळीदार बेसाल्टमध्ये १ ते ३ टक्के. घट्ट पाषाणात अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

एक एकराच्या सोसायटीखाली भूजलाची पातळी एक मीटर खाली गेली, तर २ टक्के निथळीने खडकाने दिलेलं पाणी होतं साधारण ८१ हजार लिटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर. बस्स. तेवढ्याच जागेत रेताड गाळ असता तर सहा लाख लिटर मिळाले असते. उत्तर प्रदेशातल्या नलिकाविहिरींची उदाहरणं पुण्याला लागू पडत नाहीत ती याचसाठी.

आता आवक बघू. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका एकरावर तो २८ लाख लिटर होतो. बेसाल्टच्या मुलखात त्यातला ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास खाली मुरतो, म्हणजे २ लाख ८० हजार लिटर. शंभर फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर सोसायटीची रोजची गरज ५४ हजार लिटर. म्हणजे तुमच्या आवारात वर्षभरात मुरलेलं पाणी तुम्हाला पाच दिवस पुरतं. तेही आवारात मुरायला उघडी जमीन असेल तर. पेव्हिंग ब्लॉक खाली सिमेंट टाकून बसवलेले असतील तर हा आकडाही विसरा.

मग उरलेले दिवस बोअर चालतो कसा? उघड आहे: ते पाणी तुमच्या आवारात पडलेलं नसतं. टेकडीच्या उतारावर, शेजारच्या मोकळ्या माळावर, वरच्या अंगाच्या तलावातून मुरलेलं पाणी तुमच्या बोअरपर्यंत वाहत येतं. सातबारा कुंपणाशी संपतो, पाणी तिथे थांबत नाही. त्या माळावर उद्या तळघरासकट इमारत उभी राहिली की तुमच्या बोअरचं आवकखातं बंद होतं, आणि ते कळायला तुम्हाला दोन-तीन उन्हाळे लागतात.

कमी निथळीचा एक उलटा परिणामही आहे, तो चांगला. ७० मिलिमीटर पाणी मुरलं आणि निथळ २ टक्के असेल, तर पातळी साडेतीन मीटर वर येते. म्हणून आपल्या विहिरी ऑगस्टमध्ये झपाट्याने भरतात आणि मार्चमध्ये तितक्याच झपाट्याने उतरतात. हे खोल तळघरातलं बचत खातं नाही. महिन्याच्या पगारावर चालणारं घर आहे.

बोअर मारताना पुढ्यात पडलेला दस्तऐवज

खडकाची माहिती मिळवायची सर्वांत स्वस्त संधी बोअर मारण्याच्या दिवशी असते, आणि ती बहुतेक ठिकाणी वाया जाते. रिगचा हॅमर खडक फोडत खाली जातो, कॉम्प्रेसरची हवा भुकटी वर फेकते. दर दहा फुटांना त्या भुकटीची एक मूठ घ्यायची आणि जमिनीवर ओळीने ढीग लावत जायचे. सुरुवातीचे ढीग तपकिरी, मातकट, हातात चुरा होणारे: मुरूम. मग राखाडी-काळी, पिठासारखी बारीक भुकटी: घट्ट पाषाण, हॅमरचा आवाजही इथे बदलतो, खणखणीत होतो. पुढे फिकट किंवा लालसर चुरा, त्यात पांढरे, काचेसारखे चमकणारे कण: मांजऱ्या. कधी विटेच्या रंगाची पातळ पट्टी येते. ती दोन लाव्हाथरांच्या मधली भाजलेली लाल माती. ती चिकणमातीसारखी फुगते आणि तिथे बोअर ढासळतो, म्हणून तिची खोली लिहून ठेवणं फार गरजेचं.

भुकटी उडायची थांबून ओलसर गोळे पडू लागले की पहिली पाझरती भेग आली. खोली लिहा. त्यानंतर प्रत्येक वेळी पाणी वाढलं की खोली लिहा. एवढी नोंद असेल तर पुढे पंप कुठे बसवायचा, केसिंग (बोअरच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत बसवायचा पाइप) कुठवर टाकायचं, हे अंदाजपंचे ठरवावं लागत नाही. आपल्याकडे बोअरच्या कागदांत फक्त एकूण फूट आणि एकूण रक्कम असते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तीनशे फूट खडकाचा दस्तऐवज पुढ्यात पडलेला असतो आणि संध्याकाळी तो झाडून टाकला जातो.

मग ‘दोन इंच पाणी लागलं’ ही घोषणा. या इंचाचा अर्थ विचारून घ्यावा. पत्र्याला पाडलेल्या ९० अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची दोन इंच असेल, तर ते ताशी सुमारे २,९०० लिटर होतं. तीन इंच असेल तर जवळजवळ ८ हजार लिटर. एका इंचाने पावणेतीन पट फरक पडतो, म्हणून ‘दोन-अडीच असेल’ असं म्हणून चालत नाही. आणि हवेच्या दाबाने त्या दिवशी बाहेर आलेलं पाणी म्हणजे बोअर रोज तेवढंच देईल याची हमी नव्हे. त्यासाठी पंपचाचणी करावी लागते. ठरावीक वेगाने काही तास उपसा करायचा, आतली पातळी सुरुवातीला मिनिटामिनिटाला आणि नंतर मोठ्या अंतराने मोजायची, पंप बंद करून ती किती वेळात पूर्ववत होते ते बघायचं. चार तासांच्या उपशानंतर पातळी एका जागी स्थिरावली तर उत्तम. ती उतरतच राहिली, तर तुम्ही आवक नाही, साठा खाताय.

विहिरीची पातळी: दोरीपेक्षा थोडं अधिक

पातळी मोजणं सोपं आहे, पण चुका ठरलेल्या. पहिली चूक म्हणजे पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केल्यावर मोजणं. तेव्हा तुम्ही जलधराची नाही, पंपाने पाडलेल्या खड्ड्याची खोली मोजता. किमान काही तास, शक्यतो रात्रभर पंप बंद ठेवून पहाटे मोजावं. दुसरी चूक कठड्याची. टेप कठड्याच्या काठावरून सोडला आणि कठडा ०.८ मीटर उंच असेल, तर तेवढे वजा करायचे. दर वेळी एकाच खुणेवरून मोजता यावं म्हणून तिथे रंगाचा ठिपका लावून ठेवायचा.

एक विहीर मोजून एक आकडा मिळतो. दहा विहिरी एकाच आठवड्यात मोजल्या तर नकाशा मिळतो. समजा टेकडीच्या पायथ्याशी जमीन समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे आणि तिथल्या विहिरीत पाणी ९ मीटरवर आहे. ओढ्याकाठी जमीन ५८० मीटरवर, पाणी ४ मीटरवर. वरवर पाहता ओढ्याकाठी पाणी ‘वर’ आहे. पण समुद्रसपाटीपासून मोजलं तर पहिल्या विहिरीत पाणी ५९१ मीटरवर आणि दुसरीत ५७६ मीटरवर. पाणी टेकडीकडून ओढ्याकडे चाललंय. अशा सारख्या उंचीच्या बिंदूंना रेषांनी जोडलं की भूजल कुठून कुठे वाहतं ते कागदावर दिसतं, आणि मुरण्याची जागा कुठली, निघण्याची कुठली, हेही.

राज्यात हे काम १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते; तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. महाराष्ट्राची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रं पाडून ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ही यंत्रणा वर्षातून अनेकदा नोंदवते. त्यातल्या दोन नोंदी सगळ्यांत महत्त्वाच्या: मे अखेरची आणि ऑक्टोबरची. एक सर्वांत रिकामी, एक सर्वांत भरलेली.

ओढा म्हणजे भूजलाची नाडी

पाऊस थांबून महिना झाला तरी ओढा वाहतोय. ते पाणी कुठलं? आकाशातलं तर नाही. ते जलधरातून पाझरून आलेलं असतं. याला पायाभूत प्रवाह म्हणतात. पावसाळ्यात ओढा जमिनीला पाणी देतो, पावसाळ्यानंतर जमीन ओढ्याला देते. भूजलाची पातळी ओढ्याच्या तळाच्या खाली गेली की ही परतफेड थांबते आणि बारमाही ओढा दिवाळीतच कोरडा पडतो.

भुकूमजवळच्या खाटपेवाडीत उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असा प्रवास करत मुळेला मिळणारी राम नदी घ्या. तिच्या वरच्या भागातल्या बोअरनी जेवढं पाणी उपसलं, तेवढं खाली नदीत कमी झालं. कागदावर मात्र ‘भूजल उपलब्ध’ या रकान्यातही ते पाणी मोजलं जातं आणि ‘नदीचा प्रवाह’ या रकान्यातही. एकच शंभराची नोट नवराही मोजतो, बायकोही मोजते, आणि घरात दोनशे आहेत असं दोघंही समजतात.

ओढ्याचा प्रवाह मोजायला मोठी यंत्रणा लागतेच असं नाही. सरळ, सारख्या रुंदीचा दहा मीटरचा टप्पा निवडा. रुंदी मोजा, चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. संत्रं किंवा अर्धी भरलेली छोटी बाटली सोडा आणि वेळ लावा. दोन मीटर रुंद, सरासरी १५ सेंटिमीटर खोल ओढ्यात ती ४० सेकंदांत दहा मीटर गेली, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला पाव मीटर. तळाशी घासून पाणी मंदावतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं. हिशेब येतो सेकंदाला सुमारे ६४ लिटर, दिवसाला ५५ लाख लिटर. किमान तीनदा सोडून सरासरी घ्या. झऱ्यासारख्या छोट्या प्रवाहाला व्ही खाचेचा पत्रा जास्त भरवशाचा. बादली आणि घड्याळही चालतं.

पुण्यात मात्र एक मोठी गफलत होते. जानेवारीत वाहणारा शहरातला ओढा बघून ‘इथे भूजल भरपूर’ असं म्हणता येत नाही, कारण ते बहुतेक सांडपाणी असतं. ओळखायचं कसं? दिवसभर दर तासाला मोजा. भूजलाचा प्रवाह सकाळ-दुपार सारखाच राहतो. सांडपाणी सकाळी घराघरांत आंघोळी-धुण्याच्या वेळेनंतर फुगतं आणि पहाटे ओसरतं. सोबत विद्युतवाहकता मोजणारं पेनासारखं उपकरण बुडवलं तर पाण्यातल्या क्षारांचा अंदाजही येतो.

पूर आणि टंचाई हीसुद्धा या हिशेबाची दोन टोकं आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुरात माणसं गेली, घरं वाहून गेली. उतारावर मुरायची जागा कमी झाली की तेवढंच पाणी कमी वेळात ओढ्यात येतं, आणि ओढ्याचं पात्र अरुंद झालेलं असतं. जे पाणी त्या रात्री घरात शिरलं, त्यातलं काही मुरलं असतं तर ते मार्चमध्ये विहिरीत दिसलं असतं.

याच कारणाने ओढ्यांचे तळ काँक्रीटने बांधून काढणं मला चूक वाटतं. काठ बांधावा लागतो अशा जागा असतात, तिथे दगडी, पाणी झिरपू देणारं बांधकाम करता येतं. तळ मात्र उघडाच हवा. तळ बांधला की देणंघेणं दोन्ही बंद.

‘पण खोल गेलं की पाणी लागतंच की!’

कधीकधी लागतं, हे खरं. पण खोल थरातलं पाणी म्हणजे वेगळी ठेव नव्हे. ते वरच्याच थरांतून भेगाभेगांनी, कित्येक वर्षं झिरपत गेलेलं असतं. जितकं खोल, तितका भरायला उशीर. शिवाय बेसाल्टमध्ये खोलीसोबत भेगा मिटत जातात. सहाशे फुटांचा बोअर दोनशेच्या तिप्पट पाणी देत नाही, वीज मात्र जास्त खातो.

त्याहून गंभीर नुकसान दिसत नाही. केसिंग सहसा मुरूम संपेपर्यंतच टाकतात, खाली बोअर उघडा असतो. त्यामुळे वरच्या जलधरातलं पाणी बोअरच्या भिंतीवरून धबधब्यासारखं खालच्या रिकाम्या थरात उतरतं. बोअरला कान लावला तर आवाज येतो. तुम्हाला वाटतं पाणी लागलं. प्रत्यक्षात शेजारच्या जुन्या विहिरीचा तळ तुम्ही फोडलेला असतो.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. बैठकीत ‘सहाशे जाऊ’ म्हणण्याआधी हा मुद्दा सचिवांनी टेबलावर ठेवायला हवा.

‘आमच्या बोअरला बारा महिने पाणी असतं, मग?’

मग तुमचा बोअर कुठे आहे ते बघा. मुठा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला असेल, तर तुमची आवक कालव्याच्या गळतीतून असू शकते. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत कालव्याऐवजी बोगद्यातून पाणी नेण्याची योजना आहे. गळती वाचवायची तर ती योग्यच, पण जी ‘वाया जाणारी गळती’ वाचेल ती कित्येक विहिरींचं रोजचं अन्न आहे, हेही ताळेबंदात लिहावं लागेल. बोअर जुन्या वस्तीत असेल, तर आवक फुटक्या जलवाहिन्यांतून आणि गळक्या ड्रेनेजमधून असू शकते. उन्हाळ्यातही पातळी न उतरणं ही आनंदाची नाही, पाणी तपासून घेण्याची वेळ.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा विहिरीच्या पाण्याची शुद्धता हा घरोघरचा विषय झाला. बेसाल्टच्या भेगांतून पाणी वेगाने जातं. वाळूतून जाताना जी गाळणी होते ती इथे होत नाही. म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर विसंबू नये. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, प्रयोगशाळेत तपासावं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मैला किंवा खत मिसळतंय. ई-कोलाय जिवाणू अजिबात नसावेत. विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. क्लोरिन टाकत असाल तर टाकीत टाकून भागत नाही. शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम उरलेलं दिसायला हवं.

‘गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडलं की झालं ना?’

हजार चौरस मीटरच्या गच्चीवरून, वीस टक्के घट धरली तरी, वर्षाला साडेपाच लाख लिटर पाणी मिळतं. सोसायटीच्या दहा दिवसांच्या गरजेएवढं. कमी नाही, पण ‘आता आम्ही स्वयंपूर्ण’ म्हणण्याइतकंही नाही. गल्लीतल्या वीस सोसायट्यांनी मिळून केलं तर जलधराला फरक कळतो.

कामात बिघाड ठरावीक ठिकाणी होतो. पहिल्या पावसाचं, कबुतरांच्या घाणीचं आणि धुळीचं पाणी बाहेर सोडायची तोटी नसते, किंवा असते आणि कुणी उघडत नाही. गाळणीचा खड्डा खाली मोठे दगड, मध्ये खडी, वर जाड वाळू असा भरलेला असतो, पण वरची वाळू तीन वर्षांत एकदाही बदललेली नसते. तिच्यावर गाळाची साय धरते आणि पाणी बाजूने ओसंडून जातं. पार्किंगचं, रस्त्याचं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं तर कधीच करू नये. ऑइल आणि मैला जलधरात गेला की तो परत काढता येत नाही.

शोषखड्डा कुठे घ्यायचा, यासाठी एक साधी परीक्षा आहे. खड्डा खणून आधी भरपूर पाणी घालून भिजवा, मग पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती सेंटिमीटर उतरते ते बघा. मुरमात ती भराभर उतरते. काळ्या मातीत किंवा घट्ट पाषाणात दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. तिथे खड्डा म्हणजे डासांची सोय. अशा ठिकाणी ते पाणी टाकीत साठवून वापरलेलं बरं.

सगळा ताळेबंद एका कागदावर

दहा चौरस किलोमीटरचं एक पाणलोट घ्या. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पातळी सरासरी ४ मीटर वर आली, निथळ २ टक्के. गुणाकार केला की पावसाळ्यात साठ्यात पडलेली भर: ८ लाख घनमीटर, म्हणजे ८० कोटी लिटर. त्या काळात झालेला उपसाही यात मिळवावा लागतो. मग नैसर्गिक प्रवाहासाठी काही वाटा बाजूला ठेवतात आणि उरलेल्याशी वर्षभराचा उपसा ताडून बघतात. ७० टक्क्यांपर्यंत उपसा सुरक्षित, ७० ते ९० अंशतः चिंताजनक, ९० ते १०० चिंताजनक, शंभराच्या वर अतिशोषित.

तुलनेसाठी: धरणांच्या बातम्यांतला एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. आपलं दहा चौरस किलोमीटरचं अख्खं पाणलोट त्याच्या तीन टक्क्यांएवढीही भर देत नाही. भूजल धरणांची जागा घेऊ शकत नाही. धरणाचं पाणी न पोचणाऱ्या वस्तीला आणि उन्हाळ्यातल्या नदीला ते आधार देतं, आणि तेवढ्यासाठीच ते जपून वापरायचं असतं.

या कागदातला सर्वांत कच्चा आकडा कोणता? उपसा. पाऊस मोजला जातो, पातळी मोजली जाते, पण खासगी बोअरमधून किती पाणी निघालं हे कुणीच लिहून ठेवत नाही. बोअरच्या पाइपवर पाण्याचं मीटर बसवायला एका प्लंबरचा अर्धा दिवस लागतो. ते बसवायचं, दर रविवारी रीडिंग वहीत लिहायचं. त्याच वहीत मेच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, पंप रात्रभर बंद ठेवून, पहाटेची पातळी लिहायची. बोअरमध्ये टेप सोडताना तो पंपाच्या केबलमध्ये अडकतो, म्हणून पुढच्या वेळी पंप वर काढाल तेव्हा पाऊण इंची पीव्हीसी पाइप सोबत खाली सोडून ठेवा. टेप त्यातूनच जाईल. तोंडाला टोपण लावायला विसरू नका.